पानात अडकवलेलं बोट

"आई, झालं माझं. विचार आता काहीही."

असं म्हणून लेकीने विज्ञानाचं पुस्तक मिटलं, पण माझ्या हातात दिलं नाही. ते तिच्या मांडीवरच राहिलं आणि तिचं एक बोट धड्याच्या पानात अडकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी चाचणी होती, धडा वनस्पतींचा. तासभर आम्ही दोघी त्याच्यावर बसलो होतो. मी समजावत होते, ती मान हलवत होती. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारून झाल्या होत्या. मी अगदी सोपं विचारलं, झाड आपलं अन्न कुठे तयार करतं आणि त्यासाठी काय काय लागतं?

"पानात," ती लगेच म्हणाली. मग थांबली. नजर छताकडे गेली, खाली आली. पुस्तकातलं बोट किंचित वर झालं, पान जेमतेम फटीएवढं उघडलं, तिने ओझरतं पाहिलं आणि धडाधड म्हणून टाकलं, "सूर्यप्रकाश, पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि हरितद्रव्य! बघ, येत होतं मला."

आणि मी म्हणाले, "शाब्बास."

ते शाब्बास मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. चाचणीत नेमका तोच प्रश्न आला. तिने सूर्यप्रकाश लिहिलं, पाणी लिहिलं आणि पुढे जागा मोकळी सोडली. घरी आल्यावर डोळे पुसत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मला येत होतं गं. खरंच येत होतं." ती खोटं बोलत नव्हती. पुस्तक मांडीवर असताना तिला खरोखरच येत होतं.

रस्त्यात एखादा माणूस समोरून येतो, चेहरा पक्का ओळखीचा असतो, आपण हसतोही, पण नाव काही केल्या आठवत नाही. लेकीचं त्या धड्याशी नेमकं असंच नातं झालं होतं. धडा दिसला की ओळख पटायची. तो समोर नसला की नाव सापडायचं नाही. आणि परीक्षेत धडा समोर नसतो, एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला मला तिची ती मोकळी सोडलेली ओळ बघावी लागली.

आपल्याकडे शब्द आहे 'अभ्यास घेणं'. मी तो मनापासून घेत होते. धडा मीच वाचायचे, आवाज चढवून-उतरवून, कारण तिला तसं आवडायचं. अवघड भाग मीच सोपा करायचे. मुद्दे मीच काढायचे, रेघा कुठे मारायच्या तेही मीच दाखवायचे. संध्याकाळ संपेपर्यंत मला तो धडा उत्तम यायला लागलेला असायचा. अभ्यासातलं जे खरं काम, म्हणजे धडपडून काहीतरी डोक्यातून बाहेर काढणं, ते मी तिच्या हातून काढूनच घेत होते. तिच्या वाट्याला फक्त मान हलवणं उरलं होतं.

त्यानंतर मी या विषयावर जे हाताला लागलं ते वाचत गेले. त्यातला एक प्रयोग माझ्या मनात घर करून आहे. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले. काहींनी तो उतारा पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता कोऱ्या कागदावर जेवढं आठवेल तेवढं लिहिलं, आणि काय बरोबर काय चूक हेही त्यांना कुणी सांगितलं नाही. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ५६. आणि त्याच अभ्यासाच्या दुसऱ्या प्रयोगातली एक गोष्ट तर अशी, की 'आठवड्याने तुला किती लक्षात राहील?' असं विचारल्यावर जास्त खात्री होती ती वारंवार वाचणाऱ्यांनाच.

हे वाचलं आणि मला माझी लेक दिसली, पानात बोट अडकवून "विचार काहीही" म्हणणारी. तिची ती खात्री प्रामाणिक होती. पुन्हा पुन्हा वाचलेलं सुरळीत वाटायला लागतं आणि सुरळीत वाटणं म्हणजेच येणं, असा मनाचा समज होतो. मोठी, शिकलेली मुलंही त्यात फसतात, मग नऊ वर्षांच्या पोरीचं काय घेऊन बसलात! खरं तर ही गोष्ट नवीही नाही. फ्रान्सिस बेकनने १६२० मध्येच लिहून ठेवलंय की एखादा मजकूर नुसता वीस वेळा वाचण्यापेक्षा, अधूनमधून तोंडपाठ म्हणून बघत आणि अडलं की पुस्तकात डोकावत दहा वेळा वाचला तर तो सोपेपणाने पाठ होतो. चारशे वर्षं झाली. तरी आपण मुलांना सांगतो ते हेच, "जा, अजून एकदा वाचून काढ."

मग आमच्या घरी कोरा कागद आला.

पहिली संध्याकाळ मला नीट आठवते. इतिहासाचा एक छोटा धडा तिने एकदा शांतपणे वाचला. मी पुस्तक घेतलं, दुसऱ्या खोलीत ठेवून आले आणि तिच्यापुढे कोरा कागद ठेवला. म्हटलं, "आठवेल ते लिही. क्रम चुकला तरी चालेल, शुद्धलेखन चुकलं तरी चालेल." तिने दोन ओळी लिहिल्या. मग पेन्सिलीचं टोक कागदावर टक टक आपटत बसली. चेहऱ्यावर हळूहळू राग गोळा होत गेला. "मला काहीच येत नाही," म्हणाली, "तू पुस्तक दे."

इथे गप्प बसणं ही आई म्हणून मी केलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी एक आहे, हे मी अगदी मनापासून लिहितेय. उत्तर माझ्या जिभेवर होतं. पहिलं अक्षर सांगितलं असतं तरी गाडी सुरू झाली असती. समोर आपलं मूल अडलेलं असताना दहा सेकंदं केवढी लांब असतात, ते त्या खुर्चीवर बसल्याशिवाय कळत नाही. मी मनातल्या मनात आकडे मोजत राहिले. पेन्सिलीची टकटक थांबली. तिची नजर कागदावरून सुटून कुठेतरी भिंतीच्या कोपऱ्यात स्थिर झाली, ओठ न बोलता हलले. आणि मग ती एकदम वाकली आणि लिहायला लागली. एक आठवलं त्याला धरून दुसरं आलं, दुसऱ्याला धरून तिसरं. सात ओळी झाल्या. धड्यात पंधरा-सोळा मुद्दे तरी होते, पण त्या सात ओळी पुसल्या जाणाऱ्या नव्हत्या.

मग पुस्तक आणलं. राहून गेलेलं तिने निळ्या रंगाच्या पेन्सिलीने त्याच कागदावर भरलं. काळं म्हणजे जे डोक्यात होतं, निळं म्हणजे जे पुस्तकातच राहिलं होतं. एका नजरेत तिचं तिला कळलं की अजून कुठे काम आहे. याआधी ते मी सांगायचे आणि तिला ती कटकट वाटायची. आता कागद सांगत होता, आणि कागदावर कुणी चिडत नाही.

दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, पुन्हा आठवड्याने. मध्ये दिवस जाऊ द्यायचे, थोडं विसरू द्यायचं. हे माझ्या मनाला सुरुवातीला पटत नव्हतं, कारण ताजं आहे तोवर पक्कं करून टाकावं हीच आपली शिकवण. पण विसरणं किती झपाट्याने होतं हे १८८५ सालीच हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने मोजून ठेवलंय. निरर्थक अक्षरसमूहांच्या लांबलचक याद्या तो स्वतःच पाठ करायचा आणि ठरावीक वेळाने त्या पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कष्ट कमी लागतात ते बघायचा. वीसेक मिनिटांनी निम्म्याहून थोडे जास्त कष्ट वाचायचे, दिवसभरानंतर साधारण एक तृतीयांश, आणि महिन्याने जेमतेम पाचवा हिस्सा. म्हणजे मोठी गळती होते ती पहिल्या काही तासांतच, पुढे ती मंदावते. तीच उजळणी एका बैठकीत न उरकता दिवसांवर पसरली तर जास्त टिकते, हेही त्याच्याच नोंदींत आहे. आदल्या रात्री चार तास बसण्यापेक्षा चार दिवस थोडं थोडं बसावं, असं वडीलधारी माणसं सांगत आली ते उगाच नाही. एका रात्रीत डोक्यात कोंबलेलं सकाळच्या पेपरापुरतं कदाचित पुरतं, पण पुढच्या इयत्तेत त्यावर दुसरं काही रचायची वेळ आली की पायाच सापडत नाही.

गणिताची गोष्ट वेगळी होती आणि माझ्यासाठी जास्त नाजूक.

लेक स्वाध्यायातली गणितं झरझर सोडवायची. वजाबाकीच्या स्वाध्यायातल्या सगळ्या वजाबाक्या बरोबर, भागाकाराच्या स्वाध्यायातले सगळे भागाकार बरोबर. आणि चाचणीत शाब्दिक उदाहरण आलं की विचारायची, "यात काय करायचं? गुणायचं की भागायचं?" कारण उघड होतं. स्वाध्यायाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'भागाकार' लिहिलेलं असतं. कोणती क्रिया करायची हा निर्णय, जो गणितातला अर्धा विचार आहे, तो तिने कधी घेतलेलाच नव्हता. शीर्षक तिच्यासाठी तो घेत होतं.

रोहरर आणि टेलर यांचा २००७ मधला प्रयोग मी याच काळात वाचला. विद्यार्थ्यांना चार वेगवेगळ्या घनाकृतींची घनफळं काढायला शिकवलं. काहींनी एका प्रकारची सगळी उदाहरणं संपवून मग दुसरा प्रकार घेतला, काहींनी सगळी सरमिसळ सोडवली. सराव करताना सरमिसळवाले मागे पडले, त्यांची ६० टक्के उत्तरं बरोबर आली तर दुसऱ्यांची ८९. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा सरमिसळवाल्यांना ६३ टक्के आली आणि एकेक प्रकार संपवणाऱ्यांना २०. मी ते आकडे दोनदा वाचले. सराव करताना जो हुशार दिसतो तो परीक्षेत तसाच राहील याचा काही भरवसा नाही!

मग रविवारी दुपारी मी मागच्या सगळ्या धड्यांतून दहा गणितं एका कागदावर उतरवून काढायला लागले, शीर्षक न देता. शिवाय एक नियम केला, आधी नुसतं सांगायचं की काय करणार आणि का, सोडवायचं नंतर. पहिले काही रविवार वाईट गेले. दहापैकी चार बरोबर, कधी पाच. तिला वाटलं आपलं गणित बिघडलं, आणि प्रामाणिकपणे सांगते, मलाही भीती वाटली. आकडे वाचलेले असूनही वाटली.

माझ्या या भीतीबद्दल थोडं लिहायला हवं. मला स्वतःला लहानपणी अपूर्णांक कधी नीट आले नाहीत आणि गणिताच्या तासाची धास्ती मी मोठेपणीही सोबत घेऊन फिरत होते. लेकीशेजारी बसले की माझे खांदे ताठ व्हायचे. तिचं चुकलं की मी काही बोलायचे नाही, याचा मला अभिमानही होता. एके दिवशी ती गणित सोडवता सोडवता मध्येच थांबली आणि वहीवरून नजर न उचलता म्हणाली, "चुकलं ना? तू श्वास सोडलास."

मला कळेना काय बोलावं. मी ओरडले नव्हते, कपाळाला आठी घातली नव्हती, फक्त श्वास सोडला होता. आणि तिचं लक्ष गणितावर कमी आणि माझ्या श्वासावर जास्त होतं. किती दिवसांपासून होतं कोण जाणे. पुढे याच विषयावरचा एक अभ्यास वाचनात आला. २०१५ साली पहिली-दुसरीतल्या चारशेहून अधिक मुलांवर तो झाला होता. ज्या आईवडिलांच्या मनात गणिताची धास्ती होती आणि जे वारंवार मुलांचा गृहपाठ घ्यायला बसत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्याही मनात ती धास्ती उतरली. तीच धास्ती असलेले पण गृहपाठात फारसे न बसणारे आईवडील, त्यांच्या मुलांच्या बाबतीत हे दिसलं नाही.

म्हणून गणिताच्या वेळी मी खोलीतूनच बाहेर पडायला लागले. दहा गणितं लिहून द्यायची, वीस मिनिटं आपलं काम करायचं आणि मग येऊन विचारायचं, "हे कसं काढलंस ते मला शिकव." बरोबर आलेल्या गणितालाही हाच प्रश्न आणि चुकलेल्यालाही हाच. शिकवताना निम्म्या चुका तिच्या तिलाच सापडायच्या. "थांब, इथे मी..." असं म्हणून खोडरबर उचलायची.

तपासून आलेल्या पेपराकडे आपण घरोघरी जो अन्याय करतो त्याबद्दल मला फार वाटतं. पेपर येतो, आपण वरचा आकडा बघतो, मुलाच्या तोंडाकडे बघतो, दोनचार शब्द होतात आणि तो पेपर कप्प्यात जातो. चाचणीपेक्षा जास्त शिकवणारी गोष्ट त्यात असते, ती कुणी उघडतच नाही. आम्ही आता पेपर आला की त्या दिवशी आकड्याबद्दल बोलत नाही. दुसऱ्या दिवशी तो टेबलावर पसरतो आणि प्रत्येक गेलेल्या गुणामागे एकच प्रश्न विचारतो, हा कुठे गेला?

गणिताच्या एका पेपरात वीसपैकी तेरा होते. गेलेले सात एकेक करून पाहिले. दोन गुणांचं तिला खरोखरच येत नव्हतं. दोन गेले ते 'खालीलपैकी कोणते विधान चूक आहे?' या प्रश्नात तिने बरोबर विधान शोधल्यामुळे. 'चूक' हा शब्द तिने वाचलाच नव्हता. आणि तीन गुणांच्या वजाबाकीत आम्ही दोघी बराच वेळ अडून राहिलो, कारण रीत तर सगळी बरोबर दिसत होती. शेवटी पेपर डोळ्यांजवळ धरला तेव्हा दिसलं. दशकाच्या आकड्यावर काट मारून तिने वर इवलासा १ लिहिला होता, तो हाताच्या घामाने पसरला होता आणि पुढच्या पायरीला तिने तो ७ म्हणून वाचला होता. एवढंच! तीन गुण एका पुसट आकड्यात गेले होते. 'तू लक्ष देत नाहीस', 'धांदरट आहेस' असं मी याआधी कितीदा म्हटलं असेल. त्या मुलीला लक्ष देण्याची गरज नव्हती, आकडे लिहायला मोठी जागा हवी होती. त्या दिवसापासून ती चौकटीच्या वहीत गणितं करते, एका चौकटीत एकच आकडा. 'चूक', 'नाही', 'सोडून' असे शब्द प्रश्नात आले की त्यांच्याभोवती गोल करते. मी सांगितलं म्हणून करते असं मला वाटत नाही. त्या सात गुणांचा हिशेब तिने स्वतः लावला होता.

पेपर लिहिताना काय करावं याबद्दल मी तिला फार थोडं सांगते. येतं ते आधी, अडलं की खूण करून पुढे जायचं, शेवटची पाच मिनिटं नुसती वाचायला. एक सल्ला मात्र मी परत घेतला. 'पहिलं सुचलेलं उत्तर खोडू नकोस' असं मी सांगायचे, मला लहानपणी तसंच सांगितलं होतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांच्या पंधराशेहून अधिक उत्तरपत्रिकांतली खाडाखोड तपासली होती. निम्म्याहून किंचित जास्त वेळा चुकीचं खोडून बरोबर लिहिलं गेलं होतं, बरोबर खोडून चुकीचं लिहिलं गेलं ते साधारण पाव वेळा. पण बरोबर होतं ते खोडल्याची चुटपुट मनात जास्त राहते, म्हणून तो सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आता मी म्हणते, शंका खरी असेल तर खोड.

झोपेबाबत घरात वाद नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक नेहमीच्या वेळेला बंद होतं. शिकलेलं डोक्यात मुरायला झोपेची मदत होते, आणि पेंगुळलेल्या डोळ्यांनी 'चूक' हा शब्द दिसायचा तरी कसा?

परीक्षेची धडकी अजून आहे. ती गेलेली नाही आणि पूर्ण जाईल असं मला वाटतही नाही. पेपरापूर्वी दहा मिनिटं आपली काळजी कागदावर उतरवली तर गुण सुधारतात, असा २०११ मधला एक प्रयोग बराच गाजला होता. मी तो मोठ्या आशेने वाचला होता, पण २०१८ मध्ये इतर संशोधकांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा फरक दिसला नाही. तरी आम्ही आदल्या संध्याकाळी बोलतो. कशाची भीती वाटते ते ती सांगते, मी ऐकते. 'घाबरायचं काय त्यात' असं म्हणत नाही, कारण मला गणिताच्या तासाला काय वाटायचं ते मी विसरलेले नाही. एकदा ती म्हणाली, "मला पेपराची भीती नाही वाटत, पेपर दाखवायची वाटते." त्या रात्री मी उशिरापर्यंत जागी होते.

परवा पुन्हा विज्ञानाची चाचणी होती, आता ती एक इयत्ता पुढे गेली आहे. मी काहीतरी वाचत बसले होते. ती पुस्तक घेऊन आली, शेजारी टेकली. धडा बराच वेळ वाचत होती. मग पुस्तक मिटलं, आणि मला दिसलं, जुन्या सवयीने बोट पानात अडकलेलं होतं.

"कोरा कागद देऊ?" मी विचारलं.

"थांब. आधी तोंडी."

तिने डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली. तीन-चार वाक्यं नीट झाली. मग अडली. भुवया जवळ आल्या, बोट पानात जरासं हललं. मी हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिले आणि श्वास सांभाळला. बराच वेळ गेला. मग तिने ते बोट बाहेर काढलं, पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि डोळे न उघडता म्हणाली, "तू नको ना सांगूस. येतंय."